रंगरूटाच्या फोनची वेळ

लढाईच्या दिवसांत छावणीतल्या रंगरूटाने घरच्यांशी बोलायला मागणे म्हणजे शिस्तीत सूट मागणे, असा समज सैन्याबाहेरही पक्का आहे. पेडणे-डिचोलीच्या वाचकाला तरी तो पटू नये. सप्टेंबर १८९५मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातल्या मराठा शिपायांना मोझांबिकच्या मोहिमेवर धाडायचे ठरवले. बायकामुलांची काय सोय, हा त्यांच्या तक्रारीतला मोठा मुद्दा. त्याची दाद लागली नाही. शिपाई उठले, सत्तरीत नाणूसच्या किल्ल्याकडे गेले, तिथले राणे त्यांना मिळाले, आणि बंड मोडायला थेट पोर्तुगालहून राजाचा भाऊ दों आफोंसू फौज घेऊन आला. बंडामागे जुनी दुखणी बरीच होती हे खरे. पण घराचा प्रश्न क्षुल्लक मानणे सरकारला महाग पडले, हेही तितकेच खरे.

आज साखळीचा मुलगा चोर्ला घाट चढून बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात जातो, म्हणजे काही तासांची वाट. पण घरच्यांच्या लेखी अंतर किलोमीटरवर ठरत नाही, शेवटची खबर कधी आली यावर ठरते. मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्यासारख्या खोट्या बातम्या रात्रभर चालवल्या. मुलगा अजून कवायतीच्या मैदानावरच आहे, सीमेवर नाही, एवढे सांगायला दोन मिनिटे पुरतात. ती मिळाली नाहीत तर ती जागा अफवा घेते.

रंगरूटाला फोन देण्यावरचा आक्षेप वजनदार आहे: मोबाइलवरून शत्रूला ठिकाण कळते. १ जानेवारी २०२३ला युक्रेनमधल्या माकिइव्का इथे नव्याने भरती केलेले रशियन सैनिक एका इमारतीत असताना मारा झाला. रशियानेच ८९ मृत्यू मान्य केले आणि दोष सैनिकांच्या मोबाइलवर टाकला. इतक्या जणांना एकाच छताखाली ठेवले कुणी, हा प्रश्न मात्र रशियातच विचारला गेला. तरीही धोका मानावाच लागेल. आपल्या लष्करानेही २०२०मध्ये ८९ अॅप काढून टाकायला लावली, ते योग्यच होते. पण खिशातला मोबाइल आणि घरचा संपर्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ‘५६ एपीओ’ हा लष्करी टपालाचा पत्ता ठिकाण लपवतो आणि तरी पत्र पोचवतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून येणारी हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉर वाचत असे. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, असे कुणी लिहिले तर हिंदी आणि गोऱ्या पलटणींबद्दलचा इशारा त्यालाही कळे. तरी टपाल बंद केले नाही. घरची खबर तुटली तर पलटण खचते, हे त्या सरकारला ठाऊक होते. घरच्या आवाजाने रंगरूट हळवा होतो म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा.

म्हणून प्रशिक्षण केंद्राच्या फोनवरून आठवड्यातली एक ठरलेली वेळ हा रंगरूटाचा हक्क असावा, उस्तादाची मेहेरबानी नव्हे. शिक्षा म्हणून ती कापू नये. भरतीच्या दिवशीच घरच्यांना मराठी-कोंकणीत एक कागद मिळावा: फोन कधी येईल, तो चुकला तर कुठे विचारायचे, आणि मुलाचा गणवेशातला फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला का लावायचा नाही. छपाईचा खर्च तो काय! केंद्राकडून उशीर होत असेल तर पेडणे-डिचोलीच्या मामलेदार कचेऱ्यांतूनही तो वाटता येईल.