बी कुणाच्या हातचं?

गच्चीवरची मिरचीची पाच झाडं मी परवा उपटली. निरोगी होती, फळांनी लगडली होती, तरीही उपटली. फळ धरलेल्या झाडाला हात घालताना माझं काय होतं, हे या सदराच्या जुन्या वाचकांना सांगायला नको. कढीपत्त्याची एक फांदी वाळली म्हणून मी इथे आख्खा लेख लिहिलेला आहे.

ही पाच झाडं संकेश्वरीची असायला हवी होती. जानेवारीत मोबाइलवर एका विक्रेत्याची जाहिरात दिसली. ‘अस्सल गावरान संकेश्वरी, ५० बिया, १४९ रुपये, ९९ टक्के उगवण.’ सोबत लांब, सुरकुतलेल्या, लालभडक मिरचीचा फोटो. आमच्याकडे वर्षाची चटणी संकेश्वरीशिवाय होत नसे, त्यामुळे फोटो पाहूनच घर आठवलं आणि मी पैसे भरले. चौथ्या दिवशी बोटभर प्लास्टिकची पिशवी आली. तिच्यावर विकणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, बी कधी तपासलं त्याची तारीख नाही. एका बाजूला ‘गावरान’ आणि दुसऱ्या बाजूला ‘एफ-१ हायब्रीड’ असं मात्र ठळक छापलेलं. हे दोन शब्द एका पिशवीवर येऊच शकत नाहीत. गावरान बी वर्षानुवर्षं घरचं धरता येतं. एफ-१ ही दोन वाणांच्या संकराची पहिली पिढी. तिच्या फळातलं बी पेरलं की पुढच्या वर्षी एकेक झाड एकेका वळणावर जातं.

५० पैकी ११ बिया रुजल्या. मी तक्रार केली तर उत्तर आलं, परत करण्याची मुदत ७ दिवसांची होती, ती संपली. मिरचीचं बी रुजायलाच आठ-दहा दिवस लागतात, थंडीत पंधरासुद्धा. ते कोणत्या जातीचं आहे हे कळायला झाडाला फळ यावं लागतं, म्हणजे तीन महिने. साडीचा रंग किंवा मिक्सरचं भांडं सात दिवसांत तपासून होतं. बियाण्याला तोच नियम लावणं म्हणजे गिऱ्हाइकाला तक्रारीची वाटच ठेवायची नाही, असं आधी ठरवून धंदा करणं आहे. एप्रिलअखेर फळ दिसलं. आखूड, बोथट, जाड सालीचं. चावून पाहिलं, तिखटाचा पत्ता नाही. १४९ रुपयांचं मला काही वाटत नाही. हंगाम गेला, त्याची भरपाई कुणाकडे मागायची?

कायदा नाही असं नाही. बियाणे कायदा १९६६ सालचा आहे, आणि १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे बी विकायला परवाना लागतो. पाकिटावर वाण, लॉट नंबर, तपासणीची तारीख, मुदत आणि उगवणीची टक्केवारी असते. प्रमाणित मिरची बियाण्याची किमान उगवण ६० टक्के ठरलेली आहे. कुणी बेधडक ९९ छापलं असेल तर तिथेच थांबावं.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं. आत्या गडहिंग्लज तालुक्यात असते, संकेश्वर तिथून जवळ. पुढे बेळगाव जिल्हा लागतो, पण मिरचीला सीमा नाही. अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे ती ‘जवारी’च. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बी इकत आणलंस? आनि मी काय मेले व्हय?”

मग तासभर ती बोलत होती आणि मी लिहून घेत होते. पहिल्या तोड्याचं बी धरायचं नाही, शेवटच्याचंही नाही. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या तोड्याचं धरायचं. मिरची झाडावरच पार लाल होऊ द्यायची. बांधाकडेचं झाड घ्यायचं नाही, मधल्या ओळीतलं घ्यायचं. का, असं विचारलं तर म्हणाली, “शेजारच्या लवंगीवरची माशी आधी बांधावर बसती.” मिरचीच्या फुलात बहुतेक वेळा त्याच झाडाचा पराग पडतो, पण माश्या दुसऱ्या जातीचा आणून मिसळतात, म्हणून बियाण्याची मिरची वेगळी लावा असं शेतीची पुस्तकं सांगतात. आत्याने सहा शब्दांत सांगितलं. पुढे, मिरची सावलीत वाळवायची, हलवल्यावर आत बी खुळखुळलं पाहिजे. बी काढून ठेवायचं नाही, आख्खी मिरचीच राखेत घालून गाडग्याचं तोंड फडक्याने बांधायचं. आणि निवडताना घाई करायची नाही. तिच्या सासूने असंच केलं, सासूच्या सासूनेही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली तेव्हा मला फार आनंद झाला होता, तो आत्यासारख्या बायका डोळ्यांसमोर असल्यामुळेच. गाडग्यात बी राखून ठेवणाऱ्या बायका गावोगाव आहेत. त्यांच्याकडे मागायला मात्र आपण जात नाही.

मे महिन्यात भाच्याबरोबर एसटीने मिरच्या आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दहा, राखेने पांढुरक्या झालेल्या. एक कानाशी हलवली, खुळखुळली. देठाकडून उभी चिरली तेव्हा खोलीभर ठसका उठला. आतल्या पांढऱ्या शिरेला चिकटून बिया होत्या, चपट्या, गव्हाळ पिवळ्या, एकही काळपटलेली नाही. ७२ मोजल्या. (तिखटपणा बीमध्ये असतो असं आपण म्हणतो, तो खरा त्या शिरेत असतो. बोटांची आग संध्याकाळपर्यंत गेली नाही, खोबरेल चोळलं तेव्हा जरा उतरली.) २० बिया ओल्या फडक्यात बांधून ठेवल्या. नवव्या दिवशी १७ ना कोंब होते. रोपं आता चार पानांवर आहेत. त्यांना फुलं येतील तेव्हा शेजारी ती भलतीच मिरची फुललेली नको, म्हणून परवा पाच झाडं गेली.

सगळ्यांना गडहिंग्लजला आत्या नसते, हे मला कळतं. घरी पेरायला साधी खात्रीची मिरची हवी असेल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं बियाणं विक्री केंद्र आहे, त्यांची फुले ज्योती प्रसिद्ध आहे. बंगळुरूची भारतीय बागवानी संशोधन संस्था आपल्या अर्का जातींचं बी ऑनलाइन विकते, राष्ट्रीय बीज निगमही विकतं. तिथे बी कुणी तयार केलं ते कळतं. खोल्याची मिरची पाहिजे तर काणकोणातल्या शेतकऱ्यालाच विचारावं. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि डोंगरउतारावर पिकवणाऱ्यांपेक्षा तिची खात्री दुसरं कोण देणार? नुसता फोटो दाखवून नाव-गाव न सांगणाऱ्याकडून मिरचीच काय, मेथीसुद्धा घेऊ नका.

आणि संकेश्वरी हवी असेल तर माझ्याकडे अजून नऊ मिरच्या आहेत. स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट या सदराच्या नावाने आमच्या कार्यालयात पाठवा. पहिल्या साठ जणांना प्रत्येकी दहा बिया मिळतील. पुडीवर गाव, तोडा आणि महिना मी माझ्या हाताने लिहून देईन.