कंपनी फॉरेनची की देशी? आधी बघा, हजेरी कुणाच्या वहीत आहे

पोरगं चाकणला नाहीतर रांजणगावला फॉरेनच्या कंपनीत लागलं की गावात त्याचं वजन वाढतं. सोयरिकीच्या बोलणीतही ते आवर्जून सांगितलं जातं. विदेशी कंपनी नियमाने चालते आणि देशी मालक पिळून घेतो, असा समज आहे. उलटं मानणारेही आहेत. बाहेरचा लुटायलाच आला, आपला माणूस निदान ओळख ठेवतो, असं ते म्हणतात. गेल्या काही वर्षांतल्या घटना पाहिल्या तर दोन्ही समज टिकत नाहीत.

कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या नरसापुरा येथे तैवानच्या विस्ट्रॉन कंपनीत अ‍ॅपलचे आयफोन जोडले जायचे. १२ डिसेंबर २०२० रोजी पगारावरून कामगार भडकले आणि मोठी तोडफोड झाली. त्यातले बहुतेक कामगार ठेकेदारांमार्फत भरलेले होते. काहींना पगार बरोबर आणि वेळेवर मिळाला नाही, हे कंपनीने नंतर कबूल करून माफी मागितली. सुधारणा होईपर्यंत अ‍ॅपलने नवं काम थांबवलं. पुढे २०२३ मध्ये हाच प्लांट टाटांनी घेतला.

आता तमिळनाडू. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला कोरियाच्या सॅमसंगचा फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्हीचा कारखाना आहे. ९ सप्टेंबर २०२४ पासून तिथले हजारावर कामगार ३७ दिवस संपावर बसले. मुख्य मागणी होती, आमच्या युनियनला मान्यता द्या. जगभर नाव असलेली कंपनी, पण युनियन म्हटलं की तयार नाही. युनियनची नोंदणी अखेर जानेवारी २०२५ मध्ये झाली. हे कामगार इतके दिवस टिकले, कारण ते कंपनीच्या स्वतःच्या हजेरीपटावर होते. ठेकेदाराचा माणूस एवढे दिवस बसला असता तर त्याच्या जागी दुसरा आला असता.

आणि आपल्याकडचा ऊसतोड कामगार? इथे तर मालक सगळे देशीच. सहकारी नाहीतर खासगी साखर कारखाने. तोडणीचा दर साखर संघ आणि कामगार संघटना बसून ठरवतात. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मिळाली. म्हणजे दर ठरवताना कारखाने पुढे असतात, पण कामगार कुणाचा असं विचारलं की बोट मुकादमाकडे जातं. उचल मुकादम देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि फिटली नाही ती उचल पुढच्या सीझनला डोक्यावर राहते. उचल अंगावर असताना संप कोण करणार?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं. पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही आणि फडात संडास नाही, हे त्यामागचं मोठं कारण. २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हा विषय कोका-कोला आणि पेप्सीपर्यंत नेला, कारण त्यांची साखर महाराष्ट्रातल्या कारखान्यांतूनही जाते. इथे विदेशी ब्रँड कारखान्याच्या आड उभा आहे आणि कारखाना मुकादमाच्या आड.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात कामगाराला नियुक्तीपत्र देणं सक्तीचं आहे. कंपनीत जाणाऱ्या पोराने त्या पत्रावर आणि पगाराच्या स्लिपवर कंपनीचं नाव आहे की ठेकेदाराचं, ते बघून घ्यावं. पीएफचं पासबुक मोबाईलवर दिसतं, त्यातही पैसे भरणाऱ्या आस्थापनेचं नाव असतं. कोयत्यावर जाणाऱ्याला मोबाईलवर असं काही बघायला मिळत नाही. त्याचा सगळा हिशोब अजून मुकादमाच्या वहीत आहे.