हौशी बांधणीच्या विमानांतील ट्रिम यंत्रणेबाबत निवेदन

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली.

विषय : उड्डाणपरवानगीपूर्वी ट्रिम यंत्रणेच्या बिघाडाची चाचणी घेणेबाबत.

महोदय,

विमान ठरावीक वेगाने समपातळीत उडत असताना वैमानिकाला नियंत्रणदांडा सतत ओढून किंवा ढकलून धरावा लागू नये, यासाठी शेपटीवरील एलिव्हेटरच्या मागच्या कडेला ट्रिम टॅब ही छोटी झडप बसवलेली असते. अनेक हौशी विमानांत ती लहान विद्युत मोटरने हलते आणि मोटरचे बटण दांड्याच्या माथ्यावर असते. हे बटण अडकले, रिले चिकटला किंवा तारेचे आवरण सोलवटून शॉर्ट झाले, तर टॅब थेट टोकाला जातो. अशा वेळी दांडा रोखून धरणे, मोटरची वीज तोडणे आणि वेग उतरवणे भाग असते, कारण टॅबवरील हवेचा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो व वेग निम्मा झाल्यास चतुर्थांशावर येतो. मात्र एक हात दांड्यात गुंतलेल्या वैमानिकाला पॅनेलच्या तळाशी एकसारख्या दिसणाऱ्या सर्किट ब्रेकरांच्या रांगेत नेमका ब्रेकर चाचपडावा लागत असेल, तर ही सारी कृती कागदावरच राहते.

बिघाड विजेचाच असतो असेही नाही. अमेरिकेत रीनो येथे १६ सप्टेंबर २०११ रोजी 'गॅलपिंग घोस्ट' हे शर्यतीसाठी फेरफार केलेले पी-५१ विमान कोसळून वैमानिकासह ११ जण मृत्युमुखी पडले. ते हौशी बांधणीचे नव्हते. तथापि स्वयंरोधी नटांची आतील अस्तरे झिजून टॅबचे स्क्रू सैल होणे आणि त्यामुळे टॅबला फ्लटर, म्हणजे हवेच्या झोतात वाढत जाणारी विध्वंसक थरथर, सुरू होणे हे चौकशीत निघालेले कारण कोणत्याही हौशी कार्यशाळेत संभवते.

कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेल्या कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानाला २०१९ मध्ये उड्डाणपरवानगी मिळाली असल्याने हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. म्हणून मागणी अशी की, सुरक्षित उंचीवर, कमी वेगापासून सुरुवात करून टॅब टप्प्याटप्प्याने दोन्ही टोकांना नेल्यावर विमान हाताच्या जोरावर उतरणीच्या वेगात आणता येते, याची नोंद परवानगीपूर्वी घ्यावी व तसे न जमल्यास टॅबची हालचाल यांत्रिक अडसराने मर्यादित करावी. वीज तोडणारा स्विच वेगळ्या आकाराचा व दांडा न सोडता हाती येणारा असावा. नट उघडल्यास नवेच बसवावेत आणि टॅबच्या सैलपणाची तपासणी बांधणाऱ्याखेरीज दुसऱ्या जाणकाराने करावी.

नियमांत ही तरतूद होईपर्यंत किमान मार्गदर्शक परिपत्रक तातडीने काढावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
हौशी विमानबांधणी करणारे निवेदनकर्ते