धर्मगुरू व्हायचंय? आधी १६०० मीटर पळून दाखवा!

निवडणूक आली की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत धर्मरक्षकांचे फ्लेक्स लागतात. या मंडळींनी एकदा लष्करातल्या धर्मगुरूंच्या भरतीची जाहिरात वाचावी.

पंडित असो, मौलवी, ग्रंथी, पाद्री की बौद्ध भिक्खू, पदवी हवीच. १६०० मीटर ८ मिनिटांत पळायचं. मग पुण्यात सगळ्यांचं एकाच संस्थेत प्रशिक्षण. अमेरिकी नौदलाचा मुख्य धर्मगुरू रिअर ॲडमिरल असतो. आपला भरती होतो नायब सुभेदार म्हणून.

काम काय? इस्पितळात आजारी जवानाच्या उशाशी बसायचं, अंत्यविधीला उभं राहायचं, शिक्षा भोगणाऱ्या जवानालाही जाऊन भेटायचं. दुसऱ्याच्या देवाला शिव्या घालणं या यादीत नाही!

आणि हे कुठे सांगावं लागतंय? ज्या कल्याणच्या खाडीत शिवरायांनी आरमाराची सुरुवात केली, तिथे. त्या आरमारात मायनाक भंडारी होते, तसे दौलतखानही होते.

तेव्हा पुढच्या सभेत कुणी ‘धर्म धोक्यात’ म्हणून ओरडला, तर एवढंच विचारा: साहेब, शेवटचं कुठल्या आजाऱ्याच्या उशाशी बसला होतात?