प्रेसखालचं बोट

भोसरीच्या एका शेडमध्ये गेल्या महिन्यात दोन कागद पाहिले. एक ८डी रिपोर्ट, म्हणजे दोष, त्याचं कारण आणि उपाय लिहून गिऱ्हाइकाला द्यायचा कागद. सीटखालच्या ब्रॅकेटवर बर, म्हणजे कडेला धातूची खरखरीत कोर, राहिली म्हणून गिऱ्हाईक कंपनीने अख्खा लॉट परत पाठवला होता. चोवीस तासांत पहिलं उत्तर गेलं, पाच वेळा ‘का’ विचारून झालं, डायला धार लागली, तपासणीला जादा माणूस बसला. दुसरा कागद म्हणजे अपघात नोंदवहीतली दीड ओळ. त्याच प्रेसवर, त्याच डायवर एका मुलाची दोन बोटं गेली होती. कारण : ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. इथे मात्र पहिला ‘का’सुद्धा कुणी विचारला नव्हता.

विचारला असता तर उत्तर यंत्रातच होतं. लहान शेडमधले बरेच प्रेस जुने, दुसऱ्याकडून घेतलेले, पिन क्लचचे. असा प्रेस एकदा सुटला की मध्ये थांबत नाही. रॅम पूर्ण फेरी मारूनच वर जातो. पिन किंवा स्प्रिंग झिजली, तर पेडलवर पाय नसतानाही तो पुन्हा खाली येतो. यालाच डबल स्ट्रोक म्हणतात. नेमका तेव्हाच हात डायमध्ये असतो, कारण पीस काढून नवा ब्लँक ठेवायचा असतो. या प्रेसला सेन्सर लावूनही रॅम अडत नाही. क्लचच बदलावा लागतो, नाहीतर डायभोवती पक्कं गार्ड हवं. त्याला पैसे लागतात, तासाचे पीसही घटतात. दरवर्षी दर उतरवून मागणाऱ्या गिऱ्हाइकापुढे शेडमालक हा खर्च मांडूच शकत नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगतो.

हे एका शेडपुरतं नाही. सेफ इन इंडिया ही संस्था २०१९पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत हात आणि बोटं गमावलेल्या कामगारांची ती नोंद आहे, आणि पॉवर प्रेस त्यात पुन्हा पुन्हा येतो. अनेकांच्या हाती ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड पडलं तेही अपघातानंतर.

पुणे पट्ट्यात ज्याच्या-त्याच्या तोंडी असलेला ‘पोका-योके’ हा शब्द कुठून आला, ते इथे सांगायला हवं. जपानी अभियंते शिगेओ शिंगो आधी ‘बाका-योके’, म्हणजे मूर्खापासून बचाव, म्हणत. १९६३मध्ये एका जपानी कारखान्यातली कामगार बाई ते ऐकून दुखावली, रडली. शिंगोंनी शब्द बदलला : ‘पोका-योके’, म्हणजे चुकीपासून बचाव. गुणवत्तेच्या या शास्त्राने कामगाराचा मान एकदा राखलेला आहे. चूक माणसाच्या माथी मारायची नाही, यंत्र असं करायचं की चूक होऊच नये, हेच त्याचं मूळ. ‘निष्काळजीपणा’ हा शेरा त्या मुळावरच घाव घालतो.

आणि कामगाराचा धोका नोंदवायला नवा फॉर्मही नको. पीएफएमईएच्या, म्हणजे कामात काय चुकू शकतं ते आधीच मांडणाऱ्या, तक्त्यात गंभीरतेचा सर्वांत वरचा आकडा १०, आणि कामगाराच्या जिवाला धोका असेल तर तो द्यायचा असतो. मी पाहिलेल्या फाइलींत त्या तक्त्यात बर, तडा, चुकीचं भोक एवढंच असतं. परदेशी कायद्याच्या भरवशावरही राहता येत नाही. जर्मनीचा २०२३पासून लागू झालेला पुरवठा साखळी कायदाही आधी थेट पुरवठादाराकडे बघतो. त्याच्या मागच्या कडीकडे ठोस माहिती हाती आली तरच. भोसरीचं शेड त्या मागच्या कडीत येतं. म्हणून माझी मागणी चाकणच्या वाहन कंपन्यांच्या खरेदी विभागांकडे आहे. बोट गेलं की त्या प्रेसवरचा भाग रिजेक्ट धरा, ८डी मागा, आणि गार्डचा खर्च दरात मान्य करा.

परवा शेडमध्ये फोन केला. ब्रॅकेटचा ८डी गिऱ्हाइकाने बंद केला आहे. प्रेस दोन पाळ्यांत चालू आहे. गार्ड अजून बसलेलं नाही.