येळवस टेबलावर मांडा

डिसेंबर लागला की इथे परदेशात आपल्या मराठी मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न केटरर कोणता, हा असतो. घरात सून म्हणते, "आई, यंदा तुम्ही काही करू नका, सगळं बाहेरून मागवू." म्हणते ती मायेनंच. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला सणाच्या दिवशी सोफ्यावर बसवून हातात ताट देणं, याला मी मान समजत नाही. तिच्या हातातलं काम काढून घेतलं, एवढंच त्यातून होतं.

मी लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडची. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमची येळवस. २०२४ साली ती ३० डिसेंबरला आली, २०२५ साली १९ डिसेंबरला. म्हणजे इथे शेजारीपाजारी नाताळच्या झाडाला दिवे लावतात, ओव्हनमधून बिस्किटांचे ट्रे काढतात, नेमके तेच दिवस. तिकडे लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गावं ओस पडतात, कारण सगळे रानात असतात. ज्याला रान नाही त्याला दुसरा कुणीतरी आग्रहानं आपल्या रानात नेतो. कडब्याच्या पेंढ्या तिरप्या लावून कोप करायची, तिच्यावर शाल पांघरायची, आत पाच पांडवांचे दगड चुना-काव लावून मांडायचे. नैवेद्याला आंबील, भज्जी, सजगुऱ्याचे, म्हणजे बाजरीचे उंडे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, हे पुण्या-मुंबईच्या मंडळींना दरवेळी सांगावं लागतं. ओला हरभरा, तूर, वाल, वाटाणा, शेंगदाणे, पालेभाज्या असं रानात जे हाताला लागेल ते शिजवून त्याला बेसन आणि आंबट लावायचं.

आमच्याच भागातले काही जण म्हणतात, येळवस रानातली, हीटर लावलेल्या खोलीत कसली आलीय येळवस? मला हे पटत नाही. नाताळचं झाड तरी दिवाणखान्यात उगवलं होतं का? ती रीत जर्मन घरांतली. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकानं राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र छापलं आणि मग इंग्रज मध्यमवर्गानं ते झाड घरोघर नेलं. रानातलं झाड जर समुद्र ओलांडून बैठकीत उभं राहतं, तर वीतभर उंचीची कोप टेबलावर का मांडू नये?

"झेपायला नको का?" हा प्रश्न खरा आहे. पण येळवशीचं निम्मं काम बसून करायचं असतं. शेंगा सोलणं, पाला निवडणं, उंडे वळणं. उंडे वाफवायचे असतात, म्हणून भाकरीसारखी आचेशी झटापट नाही. इथल्या विजेच्या शेगडीवरही ते नीट होतात. थंडीत आंबील आंबत नसेल तर भांडं ओव्हनमध्ये ठेवून आतला नुसता दिवा लावावा. तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे गुजराती दुकानात फ्रीजरमध्ये मिळतात. जड पातेलं उचलणं आणि सामान आणणं मुलांकडे. भाज्या पाचच घातल्या तरी पांडव रुसत नाहीत.

आणि आजोबांचं काय? कोप बांधणं आमच्याकडे पुरुषांचंच काम. सहा महिन्यांसाठी इकडे आलेले आणि दुपारभर फोनवर गावाकडच्या बातम्या बघत बसणारे कितीतरी बाप्ये मला ठाऊक आहेत. पेंढीला आळा कसा मारायचा ते त्यांच्या बोटांना अजून येतं. नातवाला शेजारी बसवा आणि सुतळी त्यांच्या हातात द्या.

जिला जन्मभर रांधून चुलीचा वीट आलाय तिनं खुशाल बसावं, तिला कुणी उठवू नये. मात्र ते तिनं ठरवावं, तिच्या वतीनं घरच्यांनी नाही.

म्हणून कार्यकारिणीला माझं सांगणं, की अमावस्येला लागून येणारा शनिवार धरा आणि त्या दिवशी केटरर नको. पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांना सकाळीच हॉलवर बोलवा, जेवणवेळेला नव्हे. कडबा इथे मिळायचा नाही. पण ऑक्टोबरात दारं सजवायला मक्याची वाळली धाटं विकायला येतात, ती चालतात. तेव्हाच चार जुड्या घेऊन कुणाच्या तरी गॅरेजमध्ये टाकून ठेवा, डिसेंबरात शोधून सापडत नाहीत.