दोनशे रुपयांसाठी कशाला एवढं?

"अरे, तुझ्या एका तासाची किंमत काय, आणि तू दोनशे रुपयांसाठी यादी घेऊन फिरतोस?"

आयटीत नोकरी करून किराण्याचा हिशोब ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. बोलणारा बहुतेक वेळा सिनियर असतो, हातात दीडशे रुपयांची कॉफी असते आणि चेहऱ्यावर काहीतरी गहन अर्थशास्त्र सांगितल्याचं समाधान. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. चुकीची वाक्यं आपण दिवसभर ऐकतोच, त्याचं काही नाही. पण हे वाक्य गणिताचे कपडे घालून येतं. तर मग गणितच करू की.

समजा महाशयांच्या हातात महिन्याला ८५,००० पडतात. बावीस दिवस, रोज नऊ तास ऑफिस आणि दोन तास हिंजवडीचा ट्रॅफिक. झाले २४२ तास. तासाला ३५१ रुपये. (रात्रीचे क्लायंट कॉल धरलेले नाहीत, उगाच कशाला कुणाला रडवा.) आणि शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळात कंपनी हे ३५१ सुद्धा देत नाही! पगार महिन्याचा ठरलेला आहे. किराणा न आणता वाचवलेल्या दीड तासाचे सव्वापाचशे रुपये होत नाहीत, त्याचे रील्स होतात. हेच वाक्य दवाखाना चालवणारा डॉक्टर म्हणाला, रिक्षावाला म्हणाला, तर मी मान डोलावेन. त्यांचा तास खरंच विकला जातो. आपला नाही. आपण महिना ठोक भावात विकून मोकळे झालोय.

आता माझी बाजू. गेल्या महिन्याची यादी छापील किमतीने, म्हणजे एमआरपीने, ७,९४० ची होती. दुकानाची सवलत जाऊन ७,०८५. एका बँकेची ऑफर होती: किमान २,५०० ची खरेदी, दहा टक्के सूट, जास्तीत जास्त २५०, एका कार्डाला महिन्यातून एकदा. म्हणून सामानाचे दोन ढीग, दोन बिलं, एक माझ्या कार्डावर, एक बायकोच्या. ५०० आणखी गेले. राहिले ६,५८५. पावतीच्या तळाशी दुकानाने ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'तुमची बचत ८५५', ती मी धरत नाही. एमआरपीने साखर, डाळ आजकाल विकतो कोण? तो आकडा ग्राहकाला खूश करायला छापलेला असतो. खरी तुलना पर्यायाशी करायची. घरी बसून तीच यादी ॲपवर टाकली तेव्हा सगळ्या फिया धरून ७,५६० झाले होते. फरक ९७५, पेट्रोलचे ४० वजा, ९३५. यादी करण्यापासून पिशव्या वर आणण्यापर्यंत दीड तास. तासाला ६२० च्या वर.

म्हणजे साहेबांच्या नोकरीपेक्षा हा धंदा बरा. शिवाय वाचवलेल्या रुपयावर कर नाही. वर्षाचे अकरा हजार दोनशे होतात. ज्याला तीस टक्के कर आणि वर सेस लागतो त्याला एवढे हातात पडायला पगारात सोळा हजारांची वाढ लागेल. आणि तेवढ्या वाढीसाठी आपण अप्रेझलच्या फॉर्मात काय काय लिहितो, ते आठवा :-)

ऑफरवर ऑफर चढवायचं हे तंत्र अमेरिकन लोकांनी पार कळसाला नेलं. तिकडे उत्पादक कंपनीचं कुपन वेगळं, दुकानाचं कुपन वेगळं आणि दुकानाचा सेल वेगळा. तिन्ही एका वस्तूवर लावता येतात तिथे टूथपेस्ट फुकटात जमा पडते. दुकानदाराला यात तोटा नसतो. कंपनी त्याला कुपनाची रक्कम परत करते, वर हाताळणीचे काही सेंट देते. २०१० ते २०१२ मध्ये तिथल्या टीएलसी वाहिनीवर 'एक्स्ट्रीम कुपनिंग' नावाचा कार्यक्रमच होता. गॅरेजमध्ये शेकड्यांनी डबे रचलेली कुटुंबं त्यात दिसायची. आपल्याकडचा जो कुणी डल्लासला किंवा न्यू जर्सीला जातो तो पहिल्या सहा महिन्यांत हे शिकतो आणि फोनवर अभिमानाने सांगतो. गंमत म्हणजे त्याला कुणी चिकट म्हणत नाही. तिकडे ते 'स्मार्ट', इकडे मी केलं की 'मिडल क्लास मेंटॅलिटी'.

आपल्याकडे तसंच्या तसं होत नाही, कारण आपल्याकडे पाकिटावरच कमाल किंमत छापलेली असते. कंपनीला काही द्यायचं असेल तर ती पाकिटातच देते: 'वीस टक्के जादा', पेस्टवर ब्रश, चार साबणांवर एक. त्यामुळे आपले थर वेगळे. खाली पाकिटावरची ऑफर, तिच्यावर दुकानाची सवलत, तिच्यावर बँकेची. ॲपवर बहुधा एका वेळी एकच कुपन चालतं, पण पैसे भरायच्या पानावरची कार्डाची सूट वेगळी मोजली जाते. रिवॉर्ड पॉइंट मी हिशोबात घेतच नाही. जे देऊन वाणी डाळ देत नाही ते पैसे नव्हेत.

सगळ्यात मोठं कुपन मात्र दुकानात नव्हतंच, ते एचआरच्या फॉर्मात होतं. ती सोडेक्सोची कागदी पुस्तकं आठवतात? (नंतर कार्ड आलं, आता तर कंपनीचं नावही प्लक्सी झालंय.) कित्येक वर्षं दर जेवणामागे ५० रुपयांपर्यंत कर लागायचा नाही. दिवसाला दोन जेवणं, बावीस दिवस, महिन्याला २,२००. वरच्या स्लॅबमधल्या माणसाचा वर्षाला आठ हजारांच्या वर कर वाचायचा, आणि ही कुपनं किराण्याला चालायची. २०२० साली नवी करपद्धत आली, तिच्यात ही सूट ठेवली नव्हती, म्हणून कुठली पद्धत आपल्याला परवडते ते मांडून बघणं आलं. किती जणांनी मांडून बघितलं? माझ्या आजूबाजूला फार थोड्यांनी. ज्यांचा वेळ महाग होता त्यांनी तर नक्कीच नाही.

डी-मार्टची गोष्ट याच्या उलटी. २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान निघालं तेव्हापासून त्यांचा खाक्या असा की कुपनाचा तमाशा नको, रोजचाच भाव कमी ठेवू. जागा बहुतेक स्वतःच्या, भाड्याची कटकट नाही. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करतात, त्यामुळे माल स्वस्तात मिळतो. ज्यांना डी-मार्टच्या रांगेत उभं राहायला लाज वाटते, त्यातल्या बऱ्याच जणांच्या डिमॅटमध्ये २०१७ पासून त्या कंपनीचा शेअर असतो. रांगेतल्या माणसाने पैसे वाचवावेत आणि यांनी त्याच्यावर कमवावेत, इथपर्यंत वेळेची किंमत बरोबर कळते.

दहा मिनिटांत घरी सामान आणून देणाऱ्या ॲप्सबद्दल मला एवढंच म्हणायचंय की तिथली सूट हे आमिष आहे आणि फी हा गळ. २३० रुपयांचं सामान कार्टात टाकायचं, फुकट डिलिव्हरीला आणखी थोडेच कमी पडतात असं दिसतं, मग एक चिप्सचं पाकीट, एक चॉकलेट. शेवटच्या पानावर हाताळणीची फी, छोट्या ऑर्डरची फी, पावसाची फी. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असल्या तेरा क्लृप्त्यांची यादीच काढून त्यांच्यावर बंदी घातली. न विचारता कार्टात वस्तू घुसडणं त्यात आहे आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणंही आहे. मी ज्या धंद्यात आहे त्यात मला माहितीये, ही पानं चुकून तशी होत नाहीत. कुणीतरी स्प्रिंटमध्ये बसून, दोन डिझाइन शेजारी शेजारी चालवून, कुठल्याने बिल वाढतं ते मोजून निवडतं. तिकडे पगारी माणसांची अख्खी टीम माझ्या दोनशे रुपयांमागे लागलेली, आणि मी मात्र 'दोनशेच तर आहेत' म्हणून सोडून द्यायचे?

आता खरी मेख. हा 'फालतू वेळखाऊ' हिशोब आपल्या घरात आजपर्यंत केला कुणी? आईने. उन्हाळ्यात नवा माल आला की वर्षाचे गहू-तांदूळ भरायचे, एरंडेल चोळून डाळ ठेवायची, वाण्याच्या दोन दुकानांतला चार आण्यांचा फरक लक्षात ठेवायचा. नायगावच्या कामगारांनी १९४८ मध्ये अपना बाजार काढला तो यासाठीच. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची घरं मिळून संघ करतात, महिन्याची यादी एकत्र भरतात, घाऊक भावाने आलेला माल कुणाच्या तरी घरी वाटला जातो. अमेरिकेतल्या कुपनबहाद्दरांना जे एकेकट्याने कात्री घेऊन करावं लागलं ते आपल्याकडे बायकांनी एकत्र येऊन केलं, कुपनाशिवाय. तेव्हा 'तुझा वेळ स्वस्त आहे का' असं त्यांना कुणी विचारलं नाही, कारण त्यांचा वेळ फुकटच धरलेला होता. आज आपण ते काम क्षुद्र म्हणतो, ते काम क्षुद्र आहे म्हणून नव्हे. ते आईचं होतं म्हणून. सर्व्हरचं बिल दोन टक्क्यांनी खाली आणणाऱ्याला आपण टाउनहॉलमध्ये टाळ्या वाजवतो, नाही का?

आणि हे नुसतं मानापमानाचं नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० लोक कमी करणार असं जाहीर केलं. त्या आठवड्यात आमच्या कॅन्टीनमध्ये सगळे एकमेकांना विचारत होते, पगाराशिवाय किती महिने निघतील? उत्तर देता आलं फक्त त्यांना, ज्यांना आपलं घर महिन्याला किती खातं हे ठाऊक होतं. बाकीच्यांना ईएमआय पाठ होता, त्यापलीकडे अंधार.

यावर कुणी म्हणेल, मग काय, ऑफर दिसली की धावायचं? अजिबात नाही. २६ जानेवारी २००६ ला बिग बझारने 'सबसे सस्ता दिन' केला तेव्हा इतकी झुंबड उडाली की काही ठिकाणी पोलीस बोलवावे लागले. पुढे जुनी रद्दी, भांडी, कपडे देऊन कुपनं घ्यायची योजना आली. ती वटवायची तर कुपनाच्या काही पट खरेदी करावी लागे. २०२२ मध्ये बिग बझार बंद झालं, पण त्या काळातली चादरींची चवड अजून कित्येक कपाटांत पडून असेल. ती बचत नव्हे. यादीत नसलेली वस्तू पन्नास टक्क्यांनी घेतली तर पन्नास टक्के खर्च झाला, एवढं सोपं आहे. यादी आधी, ऑफर नंतर. क्रम उलटला की आपण ग्राहक राहत नाही, त्यांचं गोदाम होतो.

तर करायचं काय? एमआरपी आणि टक्के बघणं सोडा, दर बघा. पूर्वी चहा, बिस्किटं, तेल, साबण असल्या वस्तू ठरावीक वजनातच विकाव्या लागायच्या. २०२१ च्या दुरुस्तीने ते बंधन काढलं आणि त्याऐवजी पाकिटावर युनिट सेल प्राइस छापायला लावली. म्हणून आता ८५० ग्रॅम, ७५० मिली असली चमत्कारिक मापं दिसतात आणि पाच रुपयांचा पुडा पाचालाच राहून आतून बारीक होत जातो. दर छापलेला असतो, पण त्यातही गोम आहे. एक किलोच्या आतलं पाकीट असेल तर दर ग्रॅमला, वरचं असेल तर किलोला, आणि दोन दशांशांपर्यंतच. म्हणजे ०.४२ रुपये ग्रॅम म्हणजे किलोला ४१५ ते ४२५ यातलं काहीही! दहा रुपयांची खिडकी नुसत्या राउंडिंगमध्ये गेली. असला बग कोड रिव्ह्यूत सुटला असता का?

तेलाच्या डब्याचंही तसंच. लिटरभर तेल भरतं सुमारे ९१० ग्रॅम, म्हणून १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा यात १.३५ किलोचा फरक पडतो. दोन्ही डबे लांबून सारखे, भाव लावताना दुकानदार नुसतं 'पंधराचा' म्हणतो. आणि मोठं ते स्वस्त हेही खरं नाही, कित्येक ब्रॅण्डांची शांपूची पुडी बाटलीपेक्षा दर मिलीलिटरला स्वस्त पडते.

मी फोनमध्ये एक साधी शीट ठेवलीये: वस्तू, वजन, प्रत्यक्ष दिलेले पैसे, तारीख. दर काढायचा फॉर्म्युला एका ओळीचा. तेवीस वस्तूंपुरतंच, त्यात आमच्या बिलाचा बहुतेक भाग येतो. कोथिंबिरीच्या जुडीसाठी मी शीट उघडत नाही, ती सकाळी भाजीवाल्या मावशींकडून, त्या म्हणतील त्या भावाने.